पिशवी की पाऊच

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी रुग्णाच्या पोटावर, मलाची पिशवी जिथे बसणार तिथे, शाईने एक खूण करत असे. उजव्या बाजूला, बेंबीच्या थोडं खाली. त्याआधी त्याला उभं करायचं, मग खुर्चीवर बसवायचं, मग पलंगावर मांडी घालून बसायला सांगायचं आणि शेवटी पुढे वाकायला. परकराची नाडी कुठे येते, लेंगा कुठे बांधतात, पोटाला वळी कुठे पडते, हे पाहून झालं की खूण. इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं की कमरपट्ट्याची जागा टाळा. आमच्याकडे नाडी टाळावी लागते, नऊवारी नेसणाऱ्या आजी असतील तर ओचा कुठे खोचतात ते पाहावं लागतं, आणि जेवायला खाली बसल्यावर पोट कसं दुमडतं तेही.

ही खूण करताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारत. "सिस्टर, पिशवीशिवाय नाही का भागणार?"

अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाला याचं खरं उत्तर असं आहे की भागू शकतं, पण पिशवी टाळण्याचीही एक किंमत असते. ती किंमत कोणती, हे समजावून सांगायला मला या ऑपरेशनांचा इतिहास फार कामी आला. कोणता पर्याय कुणाच्या कोणत्या त्रासातून जन्मला हे कळलं की माणसाला स्वतःची निवड करता येते. नुसती फायद्यातोट्यांची यादी वाचून दाखवली तर तो गोंधळतो आणि म्हणतो, "डॉक्टर म्हणतील तसं."

आजार मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराचा. गुदाशयापासून सुरू होतो आणि वर चढत जातो. रक्त, शेंब, पोटात कळ, आणि दिवसातून पंधरा-वीस वेळा संडासला धावणं. आपल्याकडे 'आव पडते' म्हणून वर्षानुवर्षं आवेच्या गोळ्या घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. हा गोऱ्या लोकांचा आजार, असा एक समज होता. 2003 साली पंजाबातली पाहणी प्रसिद्ध झाली, तिथे लाखामागे 44 रुग्ण सापडले, तेव्हा त्या समजाला चांगलाच धक्का बसला. हा आजार मोठ्या आतड्यापुरता राहतो. लहान आतडं निरोगी असतं. म्हणून मोठं आतडं आणि गुदाशय काढून टाकले की आतड्यातला आजार संपतो. यावर सर्जनांचं फारसं दुमत नाही. सगळा वाद आहे तो लहान आतड्याचं मोकळं राहिलेलं टोक कुठे न्यायचं यावर.

'अल्सरेटिव्ह कोलायटिस' हे शब्द वैद्यकीय लिखाणात आले ते एका खून खटल्यामुळे. 1859 साली लंडनजवळ इझाबेला बँक्स नावाची स्त्री जुलाब-उलट्यांनी खंगून गेली. तिच्याशी लग्न केलेला डॉक्टर थॉमस स्मेथर्स्ट याची पहिली बायको जिवंत होती. त्याने विष घातलं असा आरोप झाला. गायज इस्पितळाच्या सॅम्युअल विल्क्स यांनी तिची आतडी तपासली आणि आतड्याला दाह होता, जखमा होत्या, असं लिहिलं. तरी ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. सरकार पक्षाच्या रसायनतज्ज्ञाच्या चाचणीत सापडलेलं आर्सेनिक त्याच्याच उपकरणातल्या तांब्यातून आलं होतं, आणि शेवटी स्मेथर्स्टला माफी मिळाली. पहिली पत्नी असताना दुसरं लग्न केल्याबद्दल मात्र त्याला तुरुंग घडला. आज जाणकार म्हणतात की इझाबेलाला बहुधा क्रोन्सचा, म्हणजे आतड्याच्या दाहाचाच दुसरा, आजार असावा. त्या बाईला कुणी वाचवू शकलं नसतं. तेव्हा उपचारच नव्हता.

पुढची पन्नास वर्षंही फारशी वेगळी गेली नाहीत. 1909 साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये शहरातल्या मोठ्या इस्पितळांनी आपापले रुग्ण मांडले. ते 300 हून अधिक होते, आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास दगावले होते. आतडं फुटून, रक्त जाऊन, जंतू पसरून. सर्जन तेव्हा आतडं धुवत असत. 1893 मध्ये इंग्लंडच्या मेयो रॉबसन यांनी मोठ्या आतड्याला पोटावर तोंड करून त्यातून औषधी पाणी सोडलं. 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट वीर यांनी त्यासाठी अपेंडिक्सचीच नळी वापरली. रुग्ण काही दिवस बरे वाटून पुन्हा तिथेच येत.

1913 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जॉन यंग ब्राऊन यांनी वेगळा विचार मांडला. आजारी आतड्याला संपूर्ण विश्रांती द्यायची. त्यासाठी लहान आतडं मध्येच कापून त्याचं टोक पोटावर आणायचं. हीच इलिऑस्टॉमी. विचार बरोबर होता, पण रुग्णाची दैना झाली. लहान आतड्यातून येणारा मल पातळ असतो, सतत येतो, आणि त्यात अन्न पचवणारे रस जिवंत असतात. ते रस कातडीला अन्नच समजतात. पोटावरची कातडी सोलून निघायची. रुग्ण कापसाचे बोळे, फडकी, पत्र्याची किंवा काचेची भांडी बांधून घरात पडून राहत. मोठं आतडं काढण्याच्या ऑपरेशनला लोक मरणाइतके घाबरत, त्याचं कारण सर्जनच्या सुरीपेक्षा पुढचं हे जगणं होतं.

यातून पहिली वाट काढली ती एका रुग्णाने. शिकागोचे सर्जन आल्फ्रेड स्ट्रॉस यांच्याकडे केनिग नावाचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी होता, त्याला स्वतःला इलिऑस्टॉमी झालेली. त्याने रबराची एक पिशवी बनवली आणि ती लॅटेक्सच्या डिंकाने थेट कातडीवर चिकटवली. रुट्झन नावाच्या कारागिराने ती बाजारात आणली. स्ट्रॉस यांनी 1944 साली ती छापून जाहीर केली. आज आम्ही जी कुठलीही बॅग लावतो तिची वंशावळ त्या विद्यार्थ्यापाशी पोचते. मोठमोठ्या सर्जनांना सुचलं नाही ते त्याला सुचलं, कारण रात्री झोप त्याची मोडत होती.

पण पिशवी आली तरी पोटावरचं आतडं नीट नव्हतं. तेव्हा सर्जन आतड्याची नळी पोटाबाहेर काढून तशीच सोडून देत. आतड्याच्या बाहेरच्या बाजूला हवा लागायची सवय नसते. ती सुजायची, तिच्यावर खपली धरायची, तोंड आकसायचं. मग आत मल तुंबायचा, पोट फुगायचं आणि अंगातलं पाणी-मीठ लोटासारखं बाहेर जायचं. शिकागोच्या ड्रॅगस्टेट यांनी 1941 मध्ये आतड्याच्या बाहेरून कातडीचं कलम लावून पाहिलं. ते अवघड होतं.

1952 मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक यांनी 'लॅन्सेट'मध्ये इलिऑस्टॉमीच्या देखभालीवर लेख लिहिला. त्यात त्यांनी जाता जाता एक सोपी युक्ती सांगितली. बाहेर काढलेलं आतड्याचं टोक शर्टाच्या बाहीसारखं उलटं दुमडायचं आणि आतलं ओलं अस्तर कातडीला शिवून टाकायचं. बस्स, एवढंच. अस्तराला ओल सोसते, त्यामुळे सूज नाही, आकसणं नाही. दोन-तीन सेंटिमीटर पुढे आलेली लालबुंद चोच तयार होते आणि मल थेट पिशवीत पडतो, कातडीला लागत नाही. साधारण त्याच सुमाराला अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचे रूपर्ट टर्नबुल याच प्रश्नावर काम करत होते. पण जगभर नाव रूढ झालं ते ब्रूकचं. सत्तर वर्षं झाली, अजून सर्जन तसंच शिवतात. मी हाताळलेल्या प्रत्येक चांगल्या इलिऑस्टॉमीत ब्रूक यांचा तो एक टाका होता. शस्त्रक्रियेच्या इतिहासात इतक्या साध्या गोष्टीने इतक्या लोकांना जगवल्याची उदाहरणं फार नसतील.

आता इथे आपल्या मातीचा एक धागा येतो, आणि तो मला फार प्रिय आहे. पिशवी चिकटायची तर कातडी शाबूत हवी. टर्नबुल यांनी पन्नासच्या दशकात सोललेल्या कातडीवर कराया डिंकाची पूड वापरायला सुरुवात केली. हा डिंक पाणी शोषतो, फुगतो, ओल्या जागेलाही चिकटून राहतो. दातांच्या कवळ्या बसवायलाही तो वापरत. तो येतो कांडोळाच्या झाडातून, आणि जगाला त्याचा मोठा पुरवठा भारतातून होत असे. उन्हाळ्यात पानं झडलेलं, पांढरट गुळगुळीत खोडाचं कांडोळ महाराष्ट्राच्या कोरड्या जंगलांत डोंगरउतारावर उठून दिसतं. काही ठिकाणी त्याला भुताचं झाड म्हणतात. त्याच्या खोडाला चिरा देऊन आदिवासी डिंक गोळा करत. त्या डिंकाच्या चकत्या पुढे अमेरिकेत पिशवीच्या तोंडाशी बसवल्या गेल्या. पेक्टिन-जिलेटिनच्या नव्या चकत्या आल्यावर कराया मागे पडला, पण मधली कितीतरी वर्षं परदेशातल्या रुग्णांची कातडी या डिंकाने राखली. डिंक गोळा करणाऱ्याला हे कधी कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

टर्नबुल यांच्या रुग्णांत नॉर्मा गिल होत्या. अल्सरेटिव्ह कोलायटिसने मरणाच्या दारात गेलेल्या, 1954 मध्ये इलिऑस्टॉमी झालेल्या गृहिणी. बऱ्या झाल्यावर त्या इतर रुग्णांच्या मदतीला जाऊ लागल्या. टर्नबुल यांनी 1958 मध्ये त्यांना क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये कामावरच घेतलं. 1961 मध्ये या कामाची शाळा सुरू झाली. माझ्या व्यवसायाची, स्टोमा थेरपीची, पहिली बाई नर्स नव्हती, रुग्ण होती. आम्हा नर्सेसना हे लक्षात ठेवलंच पाहिजे. त्याआधी 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळात स्टोमा, म्हणजे पोटावर आणलेलं आतड्याचं तोंड, असलेल्या रुग्णांनी एकत्र येऊन गट केला, आणि ज्या दोन वॉर्डांत ते भेटले त्यांच्या अक्षरांवरून त्याला 'क्यू-टी' म्हटलं. 1956 मध्ये ब्रिटनमध्ये इलिऑस्टॉमीवाल्यांची संघटना झाली, ब्रूक तिचे अध्यक्ष. मुंबईत सत्तरच्या दशकात ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. मी परळला स्टोमा थेरपीचं शिक्षण घेतलं तेव्हा आम्हाला शिकवायला बॅग लावलेले रुग्ण येत. एका गृहस्थांनी सदरा वर करून बॅग रिकामी कशी करायची ते दाखवलं होतं. ते शिक्षण पुस्तकात नव्हतं.

पिशवी सुसह्य झाली, तरी ती नको असणाऱ्यांचा प्रश्न उरलाच. विशी-पंचविशीतले रुग्ण, लग्न व्हायचं असलेले. लंडनच्या गॉर्डन इस्पितळातल्या स्टॅन्ले आयलेट यांनी पन्नासच्या दशकापासून मोठं आतडं काढून लहान आतडं थेट गुदाशयाला जोडायला सुरुवात केली. 1966 मध्ये त्यांनी 300 रुग्णांचा अनुभव मांडला. शौच नेहमीच्या वाटेने, पिशवी नाही. पण आजाराचं मूळ ठिकाण, गुदाशय, तसंच राहत होतं. कुणाला तिथे पुन्हा दाह, कुणाला वर्षांनंतर कॅन्सर. त्यांच्या सहकाऱ्यांनी कडाडून विरोध केला. आज हे ऑपरेशन निवडक रुग्णांतच करतात, आणि जन्मभर दुर्बीण तपासणीची अट घालून.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे निल्स कॉक यांनी 1969 मध्ये उलटा मार्ग घेतला. तोंड पोटावरच ठेवायचं, पण आत लहान आतड्याचीच थैली शिवायची. पुढे ते तिला आतड्याचीच झडपही बसवू लागले. मल आत साठतो. रुग्ण दिवसातून काही वेळा नळी घालून तो काढून टाकतो, बाहेर पिशवी लागत नाही. कल्पना सुंदर होती. ती झडप मात्र सरकायची, आणि सरकली की पुन्हा ऑपरेशन. काही रुग्णांची पोटं परत परत उघडली गेली. तरी कॉक यांनी एक गोष्ट सिद्ध केली, लहान आतड्याला साठवायला शिकवता येतं.

ती शिकवण लंडनच्या सेंट मार्क्स इस्पितळात फळाला आली. ॲलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी 1978 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पाच रुग्णांची हकिकत दिली. गुदद्वाराचे स्नायू जपायचे, आजारी अस्तर सोलून काढायचं आणि लहान आतड्याची थैली शिवून ती आतून गुदद्वाराला जोडायची. हाच तो पाऊच. त्यांची थैली इंग्रजी 'एस' अक्षरासारखी तीन पदरांची होती. काहींना ती नळीशिवाय रिकामी होत नव्हती. 1980 मध्ये जपानच्या जोजी उत्सुनोमिया यांनी दोन पदरांची 'जे' थैली केली. ती शिवायला सोपी, रिकामी व्हायला सोपी. पुढे स्टेपलर आले, काम आणखी सुकर झालं, आणि 'जे पाऊच' जगभरचं मुख्य ऑपरेशन ठरलं. पार्क्स यांना हे पाहायला मिळालं नाही, 1982 मध्येच ते गेले.

मग इतिहास इथे संपला का? पुष्कळ पुस्तकं तसं लिहितात, जणू पिशवी ही मागे टाकलेली पायरी आहे. मला हे मान्य नाही.

पाऊच म्हणजे नवं मोठं आतडं नव्हे. सगळं चांगलं जुळलं तरी दिवसातून पाच-सात वेळा आणि बहुधा रात्री एकदा शौचाला जावं लागतं. ती धडपड, ती घाई मात्र गेलेली असते, आणि पाऊच मिळालेले बहुतेक रुग्ण त्यावर खूश असतात. जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी थैलीला सूज येते, अँटिबायोटिक घ्यावं लागतं. शंभरातल्या पाच-दहा जणांचा पाऊच कालांतराने निकामी होतो आणि कायमची पिशवी येते, शिवाय थैलीसाठी वापरलेलं आतडंही जातं. ओटीपोटात खोल काम केल्याने आतले अवयव एकमेकांना चिकटतात आणि स्त्रियांना दिवस राहणं अवघड होऊ शकतं. हे सांगितलं न जाता ऑपरेशन झालेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. "सगळं पूर्वीसारखं होईल" एवढंच तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिचा पाऊच चांगला होता, फसवलं गेल्याचं दुःख मात्र जात नव्हतं.

माझ्याकडचा एक ट्रकचालक होता. त्याने कायमची इलिऑस्टॉमी मागून घेतली. "घाटात गाडी कुठे थांबवू? पिशवी असली तर माल उतरवला की मीही रिकामी करीन." त्याचा हिशेब चोख होता. साताऱ्याकडच्या एका सुनेने मोठं आतडं काढून घेतलं, गुदाशय तसाच ठेवला, पिशवीसह बाळंत झाली आणि मूल चालायला लागल्यावर पाऊचला आली. एका माळकरी बाईंना पिशवी लावून पादुकांना हात लावता येईल का, ही काळजी होती. मी त्यांना म्हटलं, "आजी, मल सगळ्यांच्याच पोटात असतो. तुमचा तेवढा बंद पिशवीत आहे." त्या वर्षी त्या दिंडीत चालल्या. सोबत जास्तीच्या बॅगा, मीठ घातलेलं ताक आणि पेज.

निवड घाईत करावी लागत नाही, हेही लोकांना माहीत नसतं. आजार भडकलेला, स्टिरॉइड चालू, रुग्ण खंगलेला असेल तर शहाणा सर्जन आधी फक्त मोठं आतडं काढतो, गुदाशय राखतो आणि ब्रूकची इलिऑस्टॉमी करतो. पाऊच नंतर काही महिन्यांनी. तोही नीट बसावा म्हणून तात्पुरती पिशवी ठेवून त्याला दोन-तीन महिने विश्रांती देतात. म्हणजे पाऊच निवडणाराही पिशवीतूनच जातो. त्या महिन्यांत तब्येत भरते, झोप लागते, माणूस कामावर जातो. कितीतरी जण तेव्हा सांगतात की आता हेच बरं आहे, पुढचं नको. पण तेवढ्याने गुदाशय विसरून चालत नाही. तो आत असेपर्यंत तपासणी हवी, आणि पाऊच नकोच असं ठरलं तर पुढे तो काढून घेणं बरं.

सगळ्यात जास्त जीव जातात ते उशिराने. 1955 मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोनची चाचणी छापली आणि या आजाराचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. 2005 पासून इन्फ्लिक्सिमॅबसारखी महागडी इंजेक्शनं मिळू लागली. त्यांनी पुष्कळांचं ऑपरेशन टळलं, हे मोठंच काम आहे. पण औषध हरलेलं दिसत असताना, पिशवीच्या भीतीने घरचे "आणखी एक डोस बघू" म्हणत राहतात, आणि रुग्ण पोट फुगून, ताप चढून येतो तेव्हा निवडायला काही उरत नाही. माझ्या डोळ्यांसमोर तरुण मुलं गेली आहेत, जी दोन आठवडे आधी आली असती तर आज पोराबाळांत असती.

म्हणून तुमच्या घरात कुणाला हा आजार असेल आणि ऑपरेशनचा शब्द निघाला असेल, तर आधी एक करा. पिशवी लावून कामाला जाणाऱ्या एका माणसाला भेटा आणि पाऊच असलेल्या एकाला. दोघांनाही रात्रीचं विचारा, प्रवासाचं विचारा, नवराबायकोचं विचारा. पाऊच वर्षात किती करता, हे सर्जनला स्पष्ट विचारा. स्टोमाच्या जागेची खूण ऑपरेशनआधी करून घ्या, आणि तात्काळ ऑपरेशन असलं तरीही ती मागा. आणि रुग्णाला काय म्हणायचं आहे ते, घरातल्या मोठ्यांच्या आधी, त्याला स्वतःला बोलू द्या.